मोबाईलची रेंज गेल्यावर नकाशावरचा ठिपका येतो कुठून?

तोरण्याहून राजगडाकडे निघालात आणि बुधला माची मागे पडली की फोनची रेंज येते-जाते. तरी मॅपवरचा तुमचा निळा ठिपका बरोबर सरकत राहतो. कारण जीपीएसला मोबाईल टॉवर लागत नाही. फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतो आणि आपलं ठिकाण स्वतःच काढतो. ते घरच्यांना कळवायचं म्हटलं की मात्र टॉवर हवा. वेल्हे (आता राजगड तालुका) आणि भोरच्या दऱ्यांमध्ये घोडं अडतं ते इथेच.

हॅम रेडिओवाल्यांकडे यावर एक जुना उपाय आहे, एपीआरएस. अमेरिकेच्या नेव्हल अकॅडमीतले इंजिनिअर बॉब ब्रुनिंगा यांनी १९८०च्या दशकात त्याचा पाया घातला. रेडिओला जीपीएस जोडायचा, की तो दर काही मिनिटांनी एक छोटं पॅकेट हवेत सोडतो. त्यात कॉल साइन, अक्षांश-रेखांश आणि हवा तर छोटा मेसेज. १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर, वेग सेकंदाला १२०० बिट्स. फाइव्ह-जीच्या जमान्यात हसू येईल, पण ठिकाण सांगायला तेवढं पुरतं. कानाला जुन्या मोडेमसारखी जेमतेम सेकंदभराची खरखर ऐकू येते.

ही खरखर ऐकणारं स्टेशन म्हणजे आयगेट. अँटेना, रिसीव्हर, रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर, त्यावर 'डायर वुल्फ' हे फुकट सॉफ्टवेअर आणि इंटरनेट. पॅकेट उलगडून ते सर्व्हरकडे पाठवतं आणि एपीआरएस डॉट एफआयसारख्या साइटवर ठिपका उमटतो. एकच पॅकेट तीन स्टेशनांनी ऐकलं तरी सर्व्हर जादाच्या प्रती गाळतो. इंटरनेट नसेल तिथे डिजिपीटर बसवतात. तो ऐकलेलं पॅकेट रेडिओवरच पुन्हा सोडतो.

खरा खेळ डोंगरांचा आहे. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. तोरणा १४०३ मीटर उंच. तिथून सिंहगड हवाई अंतराने सुमारे १७ किलोमीटर. मध्ये डोंगर आडवा नसेल तर हातातल्या पाच वॅटच्या सेटला हे अंतर फार नाही. पण केळदहून मढे घाट उतरून कोकणाकडे निघालात की मध्ये सह्याद्रीची भिंतच उभी राहते. मग पुण्याकडचं स्टेशन कितीही भारी असो, त्याला तुम्ही ऐकू येणं अवघड. महाडच्या बाजूचं साधं स्टेशनसुद्धा जास्त कामाचं. म्हणून मला विचाराल तर जादा वॅटवर पैसे घालू नका, जागेवर डोकं लावा. रायरेश्वरासारख्या उंच पठारावर परवानगी घेऊन सोलरवरचा डिजिपीटर आणि भोर शहरात, जिथे इंटरनेट आहे तिथे, आयगेट. दोघांमध्ये डोंगर येत नाही ना, एवढं आधी नकाशावर तपासायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ठिपका म्हणजे माणूस नव्हे. तो शेवटचा कुठून ऐकू आला ती जागा. समजा, दुपारचे चार वाजलेत आणि मित्राचा ठिपका १२ पासून मढे घाटाच्या माथ्यावरच आहे. तो तिथे अडकलाय असं समजून शोधपथक माथ्यावर धाडलं, तर तो कदाचित खाली कोकणात सुखरूप चहा पीत असेल. किंवा खालीच कुठेतरी पाय मुरगळून बसला असेल, आणि शोध मात्र वर चालू. म्हणून आधी ठिपक्याची वेळ बघा, मग मागचे ठिपके कोणत्या दिशेने जात होते ते बघा. आणि वाट कुठली धरणार हे निघण्याआधी कुणाला तरी सांगून ठेवा, कारण ठिकाणाच्या पॅकेटला व्हॉट्सअॅपसारखी निळी टिक नसते. पॅकेट पोचलं की नाही हे तुमच्या रेडिओला सहसा कळतच नाही.

शिवाय इथे काहीच गुप्त नसतं. हॅम बँडवर मेसेज लॉक करायला परवानगी नाही, त्यामुळे तुमचा प्रवास जगात कुणीही पाहू शकतो. घरापाशी पोचल्यावर ट्रॅकर बंद केलेला बरा.

हे सगळं करायला केंद्राच्या दूरसंचार खात्याचं हॅम लायसन्स लागतं. वय किमान १२ वर्षं, परीक्षा द्यावी लागते. विषय दोनच: रेडिओचं प्राथमिक ज्ञान आणि नियम. सुरुवातीच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोडही लागत नाही.