मुंबई ते लंडन : वाट एक, वेळा दोन

आमच्या अंधेरीच्या माथ्यावरून दिवसरात्र विमानें जात असतात. त्यांचा आवाज ऐकून मान वर न करणारा विद्यार्थी आम्हीं अद्याप पाहिला नाहीं. परंतु विमानाच्या वेळांचा हिशेब मात्र थोड्यांसच ठाऊक असतो.

एका हिवाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्याचा वडील बंधु शिक्षणासाठीं लंडनला निघाला. तिकिटावर निघण्याची वेळ दुपारीं १ व पोहोंचण्याची सायंकाळीं ५-३० होती. मातोश्रींनीं साडेचार तास मोजले. सहा वाजले, आठ वाजले, निरोप येईना. घरांत कोणी जेवेना. रात्रीं अकरानंतर मुलगा सुखरूप पोहोंचल्याचें कळलें. वस्तुतः विमानास मुळींच उशीर झाला नव्हता! तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गांवची असते. लंडनचें घड्याळ आपल्यामागें हिवाळ्यांत साडेपांच तास व उन्हाळ्यांत साडेचार तास असतें. म्हणजे प्रवास दहा तासांचा होता.

आतां अंतर पाहूं. वर्गांतील पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा. सपाट नकाशावरील सरळ रेघ इराणच्या आखातावरून व सीरियावरून जाते; दोरा मात्र उत्तरेकडे वळून इराण, कॉकेशस व काळा समुद्र यांवरून जातो. हीच खरी जवळची वाट. तिची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. मात्र कोठें युद्ध असल्यास विमानास वळसा घ्यावा लागतो.

येतांना हाच प्रवास बहुधा कमी वेळांत होतो. कारण समशीतोष्ण प्रदेशांत सुमारे दहा किलोमीटर उंचीवर वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, व हिवाळ्यांत त्याचा जोर अधिक असतो. वर्सोव्याच्या खाडींत भरतीविरुद्ध होडी वल्हवणें जड, भरतीबरोबर हलकें, अंतर तेंच. समजा, विमानाचा वेग ताशीं ९०० किलोमीटर व वाऱ्याचा ५० आहे. जातांना वेग ८५० उरेल, येतांना ९५० होईल. ७,२०० किलोमीटरांस पहिल्या वेगानें सुमारे साडेआठ तास लागतील, दुसऱ्यानें साडेसातांहून थोडे अधिक. चढणें, उतरणें व वळसे यांचा वेळ निराळा.

ता. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून लंडनास निघालें, तेव्हां त्यास वाटेंत कैरो व जिनीव्हा येथें उतरावें लागलें. त्यापूर्वीं बोटीनें जाणाऱ्यांचे आठवडे समुद्रावर जात. आज मधें कोठेंही न उतरतां विमान लंडन गांठतें.

वाट पाहणाऱ्या आईस मात्र दहा तासही थोडे नाहींत. म्हणून विद्यार्थ्यांनो, घरचें कोणी दूरदेशीं निघालें, तर तिकिटावरील पोहोंचण्याची वेळ आपल्या घड्याळाप्रमाणें मांडून ती आईच्या हातीं द्या. शाळेंत शिकलेला भूगोल त्या दिवशीं सार्थकीं लागेल.