अणुतपासणीनंतरचा प्रवास

पिंगळी हे परभणी-पूर्णा लोहमार्गावरचे लहानसे स्टेशन. येथील रुग्णाला हाडांची किंवा थायरॉइडची अणुतपासणी करावयाची तर मोठ्या शहराची वाट धरावी लागते. ही विद्या आपल्याकडे नवी नाही. मुंबईस परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ सालीच सुरू झाले. तरी शंका उरतेच : किरणोत्सारी औषध अंगात असता पहाऱ्यावर आपणांस चोर समजून धरतील काय?

ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. विमानतळावर ज्या चौकटीतून आपण जातो ती धातू शोधते. अंगातल्या किरणांचा तिला पत्ता नसतो. परंतु अनेक देशांच्या सरहद्दींवर व बंदरांत, चोरटा किरणोत्सारी माल हुडकण्यासाठी निराळी यंत्रे बसविलेली असतात. ती फार हळवी. त्यांना किरण कळतात, माणसाचा हेतू कळत नाही. न्यूयॉर्कमध्ये थायरॉइडवर आयोडीनचा उपचार घेतलेल्या एका रुग्णास, उपचारानंतर तीन आठवड्यांनी, भुयारी रेल्वेच्या स्थानकात पोलिसांनी अडवून झडती घेतली. ही हकीकत २००२ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

तीन आठवडे उलटूनही असे का व्हावे? याचे उत्तर अर्धायुष्यात आहे. हाडांच्या तपासणीत बहुधा टेक्नेशियम वापरतात. दर ६ तासांनी ते निम्मे होते. म्हणजे एका दिवसात सोळावा हिस्सा उरतो, दोन दिवसांत दोनशे छप्पन्नावा. पेट तपासणीतले फ्लोरिन तर ११० मिनिटांतच निम्मे होते. आयोडीन-१३१ ला मात्र निम्मे होण्यास ८ दिवस लागतात. २४ दिवसांनीही आठवा हिस्सा शिल्लक असतो. लघवीवाटे काही भाग जातो, म्हणून प्रत्यक्षात अंगातले प्रमाण याहूनही लवकर घटते.

तेव्हा करावे काय? रुग्णालयातून निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून चिठ्ठी मागून घ्यावी. तीत रुग्णाचे नाव, तपासणीची तारीख, द्रव्याचे नाव व मात्रा आणि चौकशीसाठी दूरध्वनी असावा. पहारेकऱ्याने विचारण्याची वाट न पाहता ती आपणच पुढे करावी. आयोडीनचा उपचार झाला असेल तर लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यापासून डॉक्टर सांगतील तितके दिवस दूर राहावे. हे पथ्य चिठ्ठीने सुटत नाही.

आपल्याकडे दुखणे झाकण्याची खोड जुनी आहे. पण येथे लपविणारा संशयास पात्र होतो आणि सांगणारा सुखरूप घरी पोहोचतो. पहाऱ्याच्या भयाने तपासणीच टाळणे, हा तर सर्वांत महाग पडणारा सौदा होय.