मनी प्लँटच्या कुंडीलाही वाफसा हवा

शेतकरी मेळाव्यात प्रश्नोत्तरांचा तास संपून मंडळी उठली, की एखादी भगिनी हमखास मागे थांबते. "साहेब, एक घरचं विचारू का? मनी प्लँटची पानं पिवळी पडतात. पाणी तर रोज घालते." या प्रश्नातच त्याचे उत्तर आहे.

वाफसा म्हणजे काय, हे आपणास सांगावयास नको. जादा पाणी निचरून जमिनीच्या मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते, बारीक पोकळ्यांत ओल टिकते. मुळांना दोन्ही लागतात. रोज पाणी घातलेल्या कुंडीत वाफसा येतच नाही. मुळे गुदमरतात, बुरशी शिरते आणि कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. त्यामुळे वेल तहानल्यासारखा मलूल दिसतो, आणि आपण आणखी पाणी घालतो! पदव्युत्तर शिक्षण घेताना वसतिगृहाच्या खोलीतला वेल मी स्वतः असाच घालवला आहे.

मग बाटलीतल्या नुसत्या पाण्यात तो कसा जगतो? पाण्यात फुटलेली मुळे त्या परिस्थितीला सरावलेली असतात आणि पाणी बदलले की प्राणवायूही नवा मिळतो. कुंडीतील चिखलात मात्र आहे तो प्राणवायू शेणखतातले जीवाणूच संपवतात.

म्हणून वार ठरवून पाणी देऊ नये. बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावीत. कोरडे लागले तरच, तळाच्या छिद्रातून निथळेपर्यंत पाणी द्यावे आणि बशीत साचलेले ओतून टाकावे. पावसाळ्यात व थंडीत दोन पाण्यांतील अंतर आपोआप वाढते.

शेतातील काळी माती कुंडीत भरू नये. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. पोयट्याची किंवा तांबडी माती २ भाग, चांगले कुजलेले शेणखत १ भाग आणि जाड वाळू किंवा नारळाचा भुसा १ भाग हे मिश्रण पुरते. छिद्रावर खापराचा तुकडा ठेवावा, तो माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठीच. तळाशी विटांचे थर रचल्याने निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा कमी होते.

हा वेल मूळचा पॅसिफिक महासागरातील मूरिया बेटाचा. तो मोठ्या झाडांवर चढत जातो, म्हणून विरळ सावली मानवते. दुपारच्या थेट उन्हात पाने करपतात, तर अंधाऱ्या कोपऱ्यात पानांवरील पिवळे पट्टे नाहीसे होऊन पेरी लांबट होतात. खिडकीपासून हात-दोन हातांवरची जागा उत्तम. काथ्या गुंडाळलेल्या काठीवर चढवून काथ्या ओलसर ठेवला, तर पाने मोठी होत जातात. लोंबत्या वेलाला ती लहानच राहतात. खत म्हणून ठिबकसाठी आणलेले १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात, वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा द्यावे. चमचाभर युरिया टाकून मुळे जाळू नयेत.

चोरून आणलेली फांदीच लाभते म्हणतात. लाभाचे माहीत नाही; फांदीवर २-३ पेरी आणि पेरावर मुळाचा कोंब असला, की ती जगते.

आता दोन गोष्टी जपण्याच्या. हा वेल अळूच्या कुळातला. अळू, सुरण ज्यामुळे खाजतात, ते कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक याच्याही पानांत असतात. अळूला आपण चिंच घालून शिजवतो. हा शिजवूनही खायचा नाही. रांगत्या मुलांच्या हाती पान लागू देऊ नये आणि छाटलेल्या फांद्या गव्हाणीत टाकू नयेत. जनावराचे तोंड सुजते, लाळ गळते.

दुसरी गोष्ट बाटलीची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस पुरतात. अंडी काचेला चिकटतात, म्हणून नुसते पाणी बदलून भागत नाही. आठवड्यातून एकदा बाटली आतून ब्रशने घासावी, मुळेही धुवावीत.

पिठ्या ढेकूण दिसल्यास शेतावर उरलेले कीटकनाशक घरात मुळीच फवारू नये. साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने कीड पुसून काढावी आणि आठ दिवसांनी पानांचे बगल पुन्हा तपासावेत. उन्हाळ्यात लाल कोळी आल्यास कुंडी न्हाणीघरात नेऊन पाने खालच्या बाजूने धुवावीत, आणि माती पूर्ण निथळल्यावरच ती जागेवर ठेवावी.