गुलाब आणि ऊद यांचीं अत्तरें

लग्नकार्यांत गुलाबदाणीचें शिंपण अंगावर घेऊन मनगटावर अत्तर लावून घेतांना, तें कशापासून निघालें याची चौकशी करणारा पाहुणा विरळाच. परंतु फूल काय आणि लाकूड काय, दोहोंचें मूळ जमिनींतच आहे. तेव्हां त्यांच्या सुगंधाचा विचार शेतकऱ्यास परका नाहीं. हल्लीं अगराचीं रोपें लावून थोड्या वर्षांत लक्षाधीश होण्याच्या जाहिराती बागाइतदारांपर्यंत पोंचूं लागल्यामुळें तर तो अगत्याचाच झाला आहे.

प्रथम नांवांचा घोटाळा काढून टाकूं. अरबी भाषेंत ऊद म्हणजे लाकूड. सुगंधाच्या व्यापारांत त्याचा अर्थ अगराचें राळयुक्त लाकूड असा होतो. आपल्याकडील उदबत्ती आणि अगरबत्ती हे दोन्ही शब्द या एकाच वस्तूवरून आले आहेत. मात्र तिन्हीसांजेस निखाऱ्यावर घालण्यासाठीं आपण वाण्याकडून जो ऊद आणतों, तो बहुधा लोबान असतो. तो निराळ्याच झाडाचा चीक होय.

आतां गुलाब. बाजारांत हारांसाठीं व गुच्छांसाठीं येणारे टपोरे गुलाब अत्तराच्या कामीं फारसे येत नाहींत. अत्तराचा गुलाब म्हणजे दमास्क जातीचा, फिकट गुलाबी, झुपकेदार फुलांचा. उत्तर हिंदुस्थानांत तो थंडी सरल्यावर, मार्च-एप्रिलांत बहरतो. फुलें सूर्योदयापूर्वीं व सूर्योदयाच्या सुमारास खुडावीं लागतात. ऊन चढलें कीं तेल उडूं लागतें. कनोज येथें हीं फुलें पाण्यासह तांब्याच्या डेगेंत घालून तोंड मातीनें लिंपतात आणि वाफ बांबूच्या चोंग्यांतून पाण्याच्या टाकींत बसविलेल्या भपक्यांत नेतात. भपक्यांत चंदनाचें तेल असतें. तें फुलांचा वास धरून ठेवतें. चंदन महाग झाल्यापासून पुष्कळ ठिकाणीं त्याच्या जागीं पातळ पॅराफिन वापरतात. स्वस्त गुलाबाच्या अत्तरांत चंदनाचा मऊपणा कां नसतो याचें एक कारण हें. कोणताही आधार न घेतां काढलेल्या शुद्ध तेलास रूह गुलाब म्हणतात, आणि त्याच्या एका किलोस तीन ते पांच हजार किलो फुलें लागतात. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचें श्रेय आपल्या सासूस, म्हणजे नूरजहानच्या आईस दिलें आहे.

या तेलांत सिट्रोनेलॉल व जेरॅनिऑल हीं द्रव्यें पुष्कळ असतात. परंतु गुलाबाचा गुलाबपणा मोठ्या अंशीं डॅमासिनोन नांवाच्या द्रव्यामुळें आहे, आणि त्याचें प्रमाण शेकडा एकाहूनही कमी! फिनाइल एथिल अल्कोहोल हें आणखी एक गोड वासाचें द्रव्य पाण्यांत विरघळतें, म्हणून तें तेलापेक्षां गुलाबपाण्यांत अधिक उतरतें.

अगराची कथा अगदीं उलट. आसामांत सांची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या झाडाचें निरोगी लाकूड पांढुरकें, हलकें आणि जवळजवळ वासहीन असतें. पूर्वीं त्याच्या सालीवर पोथ्या लिहीत, तिलाच सांचीपात म्हणतात. खोडास पोखरणारी अळी लागली, त्या भोंकांतून बुरशी शिरली, म्हणजे झाड स्वतःच्या रक्षणार्थ काळसर राळ सोडतें, आणि ती ज्या लाकडांत मुरते तेंच अगर. उत्तम प्रतीचा तुकडा इतका जड होतो कीं पाण्यांत बुडतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतही मौल्यवान वस्तूंत अगुरूची गणना आहे. ज्या रोगास पाहून इतर पिकांत शेतकरी कपाळास हात लावतो, त्याचीच येथें वाट पाहावी लागते. लाकडाच्या चिपा कित्येक दिवस पाण्यांत भिजवून मग ऊर्ध्वपातनानें तेल काढतात. आसामांतील होजाई हें या धंद्याचें मोठें ठाणें आहे.

गुलाब व ऊद एकत्र कां शोभतात? गुलाबाचीं द्रव्यें हलकीं, लवकर उडणारीं. त्वचेवर तीं प्रथम जाणवतात आणि थोड्या वेळांत विरतात. अगराचीं द्रव्यें जड, सावकाश सुटणारीं. नुसता ऊद नवख्या नाकास गोठ्यासारखा, चामड्यासारखा उग्र वाटतो. गुलाब त्याची धार बोथट करतो, आणि गुलाबाचा निव्वळ गोडपणा ऊद आवरतो. अरबस्थानांत पाहुण्यास ऊदाचा धूर देणें आणि त्याच्या हातांवर गुलाबपाणी शिंपडणें हे एकाच आदरातिथ्याचे भाग आहेत. तैफच्या डोंगरी प्रदेशांतला गुलाब तेथें विशेष मानला जातो. आमच्या मतें तिकडच्या कोरड्या उष्ण हवेंत हें मिश्रण जितकें रुचतें, तितकें कोंकणच्या दमट पावसाळ्यांत रुचणार नाहीं. पण ही आवडीची बाब झाली.

लागवडीचें मात्र आवडीवर चालत नाहीं. दमास्क गुलाबास हिंवाळ्यांत चांगली थंडी लागते, व तशी थंडी दख्खनच्या पठारावर सर्वत्र पडत नाहीं. एकरीं टनभर फुलें निघालीं असें धरलें, तरी तेल दोनशें ते सव्वातीनशें ग्रॅम. आणि जवळ भट्टी नसेल तर सकाळचा माल दुपारपर्यंत निकामी. अगराचें झाड उष्ण व दमट हवेंत वाढेल. पण झाड वाढणें व लाकडांत अगर होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. खोडास जखम करून बुरशी टोचण्याच्या रीती निघाल्या आहेत, परंतु प्रत्येक झाड सारखें फळत नाहीं. शिवाय आसामी अगराचें झाड १९९५ सालीं दुर्मिळ वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराखालीं आलें, आणि २००४ सालीं त्याच्या सर्व भाऊबंदांस तोच नियम लागूं करण्याचें ठरलें. म्हणून माल परदेशीं पाठविण्यास सरकारी परवाने लागतात. रोपें विकणाऱ्यास, बुरशी कोण टोचणार, तोडलेलें लाकूड कोण घेणार व परवाने कोण काढणार, हें लेखी विचारावें. उत्तर मिळेपर्यंत बांधावर चारपांच झाडें लावून पाहण्यास हरकत नाहीं. नारळी-पोफळीची बाग तोडून त्या जागीं अगर लावूं नये.

ज्यांच्या विहिरीवर सुवासिक देशी गुलाबाचीं झुडपें आहेत त्यांनीं अत्तराच्या नादीं न लागतां, पहांटे खुडलेल्या पाकळ्या तितक्याच किंवा दुप्पट खडीसाखरेंत थर देऊन काचेच्या बरणींत भराव्या, आणि तीन-चार आठवडे उन्हांत ठेवाव्या. हा गुलकंद तालुक्याच्या बाजारांतही खपतो.