कडक बुश म्हणजे टिकाऊ बुश?

सस्पेन्शनचा बुश म्हणजे दोन लोखंडांच्या मधे घातलेले रबर. जुन्या गाडीच्या लोअर आर्ममध्ये बाहेरची पोलादी नळी प्रेसने दाबून बसवलेली असते, आतली नळी बोल्टने चासीला आवळलेली असते आणि मधले रबर दोन्ही नळ्यांना कारखान्यातच चिकटवलेले असते. चाक खड्ड्यात गेले की आर्म हलतो आणि रबराला पीळ बसतो. चाक सावरले की पीळ सुटतो. या साऱ्या व्यवहारात कुठलाच भाग दुसऱ्यावर घासत नाही. एवढे एक ध्यानात राहिले असते, तर बुशांबद्दलचे निम्मे गैरसमज उपजलेच नसते.

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, अ‍ॅम्बेसिडरचे त्याच वर्षी मे महिन्यात. अशा वयाच्या गाड्यांना बहुतेक वेळा बाजारातला, म्हणजे कंपनीबाहेरचा बुश बसतो आणि तो घेताना काउंटरवर हमखास एक सल्ला मिळतो: रबर नको, पीयू घ्या, कडक असतो, गाडी भंगारात जाईपर्यंत बघायला नको. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. लाल, पिवळा, निळा, दिसायला देखणा आणि नखाने दाबला तर दबत नाही. नखाची ही परीक्षा झाली की गिऱ्हाईक खूश होते.

कडक म्हणजे टिकाऊ हा हिशेब सगळीकडे चुकीचा नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे. ही कंपनी चिल्ड कास्ट आयर्नचे कॅमशाफ्ट बनवते. ओतकाम होतानाच त्यांचे लोब झटकन थंड करून कडक केले जातात, कारण इंजिनात त्यांना जन्मभर घासणे सोसायचे असते. तिथे कडकपणा म्हणजेच आयुष्य. बुशाचे काम नेमके उलटे आहे. त्याने पिळायचे, दबायचे आणि रस्त्याचा दणका चासीपर्यंत पोहोचण्याआधी जिरवायचा. कॅमशाफ्टचा निकष बुशाला लावणे म्हणजे उशी विकत घेताना ती विटेइतकी घट्ट आहे ना, हे पाहणे.

कडकपणा शोअर ए या मापात मोजतात. सस्पेन्शनचे रबर साधारण ५० ते ७० मध्ये असते, बाजारातले पीयू बुश ८० ते ९५ मध्ये. हे माप एवढेच सांगते की सुईसारखे टोक पृष्ठभागात किती रुतते. लाखो वेळा पीळ बसल्यावर चीर कधी पडेल, हे त्यातून कळत नाही. त्या बाबतीत नैसर्गिक रबराकडे एक विलक्षण गुण आहे. ताण पडला की त्याचे रेणू ओळीत येऊन तात्पुरते स्फटिक बनतात आणि चिरेच्या टोकाशीच तिची वाट अडवतात. पुन्हा पुन्हा वाकणाऱ्या, पिळणाऱ्या भागांसाठी ते आजही वापरले जाते, ते याच कारणाने.

बाजारातला बहुतेक पीयू बुश आतल्या नळीला चिकटवलेला नसतो. तो नळीवर फिरतो. म्हणजे जिथे घर्षण नव्हते तिथे ते आपण होऊन आणले. मग सिलिकॉन ग्रीस आले, ते वाळले की कुईकुई आली, आणि सोलापूरच्या काळ्या मातीची धूळ त्या फटीत शिरली की झीजही आली. शिवाय लोअर आर्म नुसता वर-खाली होत नाही, थोडा तिरकाही होतो. रबर तेवढी सूट देते. कडक पीयू देत नाही, आणि तो दणका चासीच्या गंजत आलेल्या ब्रॅकेटवर जातो. शर्यतीच्या गाड्यांत पीयू वापरतात हे खरे, पण तिथे चाकाचा कोन जागचा हलू नये हा हेतू असतो आणि भाग वरचेवर बदलले जातात. त्या वापरातून टिकाऊपणाचा दाखला कसा काढला, हे विकणाराच जाणे.

‘पीयू कधी खराब होत नाही’ असे म्हणणाऱ्याने कपाटात चार-सहा वर्षे पडून राहिलेले बूट काढून पाहावेत. वरचे चामडे शाबूत आणि तळवा भुगा, असे दिसले तर तो तळवा बहुधा पीयूचाच असतो. पॉलिएस्टर जातीचे पीयू हवेतल्या ओलाव्याने तुटत जाते. पॉलिइथर जातीचे या बाबतीत बरेच सरस. पुड्यावर ही जात क्वचितच छापलेली असते, ‘लाइफटाइम’ मात्र ठळक असते. रबरी वस्तूंच्या साठवणुकीसाठी आयएसओ २२३० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात पीयूच्या दोन्ही जाती नैसर्गिक रबराच्याच गटात, सर्वांत कमी मुदतीच्या गटात बसवल्या आहेत: मूळ साठवणूक ५ वर्षे, तीही बंद पुड्यात आणि २५ अंशांखालच्या तापमानात. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात पत्र्याच्या शेडमधल्या फळीवर ही अट कितपत पाळली जाते, ते उघड आहे.

पीयू टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. स्टॅबिलायझर बारचे डी-बुश, जिथे तेल गळून रबर फुगते अशा जागा, किंवा मूळ बुश मिळेनासाच झालेली गाडी, इथे चांगल्या जातीचे पीयू शहाणपणाचे ठरते.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीचे. पीयू हे नवे तंत्रज्ञान नव्हे. ओटो बायर यांचे त्यावरचे काम १९३७ चे आहे. बुशाला ग्रीस मारावे हा नियम ग्रीस निपल असलेल्या ट्रकच्या धातूच्या बुशांचा आहे. चिकटवलेल्या रबराला साधे ग्रीस मारले तर ते फुगून सैल पडते. वॉशिंगनंतर गाडीखाली डिझेल किंवा जळके ऑइल फवारल्याने पत्र्याचा गंज थांबत असेलही, पण रबराचा घात होतो. बुशात फट दिसली म्हणजे तो फाटला असे नाही. काही बुशांत ती मुद्दाम ठेवलेली असते, म्हणून नव्या बुशाशी ताडून पाहावे. रबराचा काळा रंग हा भेसळीचा पुरावा नव्हे. ते काजळ रबराला बळकटी देते.

भेसळ असते ती वेगळी. स्वस्त बुशात जुन्या रबराचा रिक्लेम मिसळलेला असू शकतो आणि तो पीळ फार दिवस सोसत नाही. घेताना रबर आणि नळी यांचा सांधा सगळीकडून पाहावा, त्यात कुठे सुटलेली कड किंवा बुडबुडा नसावा. पार्ट नंबर आणि साच्यातली तारीख वाचावी. बाहेरचा व्यास, भोक आणि लांबी व्हर्नियरने जुन्याशी जुळवावी. दिशेची खूण असेल तर ती बसवतानाही पाळावी.

इतके करूनही नवा, अस्सल रबरी बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष रबराला मिळतो. बहुतेक वेळा चूक पान्याची असते. गाडी जॅकवर, आर्म खाली लोंबकळतो आहे, आणि त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला जातो. आतली नळी त्याच कोनात पकडली जाते. गाडी खाली उतरली की उभ्या गाडीतही रबर कायमचे पिळलेले राहते आणि प्रत्येक खड्डा त्यावर आणखी पीळ चढवतो. बोल्ट आधी हाताने लावून, चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन सस्पेन्शनवर आल्यावरच तो ठरलेल्या टॉर्कला आवळायचा असतो. त्याला फार तर दहा मिनिटे जास्त लागतात. पिळात आवळलेला बुश बदलायचा तर आर्म पुन्हा उतरवावा लागतो, प्रेसची मजुरी पुन्हा पडते आणि व्हील अलाइनमेंटही पुन्हा करावी लागते.