सळई झाड करपवत नाही

फेब्रुवारी सरता सरता ऊन चटकायला लागलं की गच्चीवर आणि परसात बाग करणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरू लागतो: टोमॅटोला, दोडक्याला, डेलियाला लोखंडाचा आधार देऊ नका, सळई उन्हात तापते आणि झाड करपतं. हा सल्ला इतक्या खात्रीने दिला जातो, की तो कधी कोणी तपासून पाहिला होता का, हे विचारायचंही कोणाला सुचत नाही. मग घरात पडून असलेल्या चांगल्या सळया भंगारात जातात आणि दरवर्षी नव्या बांबूच्या काठ्या विकत आणल्या जातात. उघड्यावर मातीत रोवलेला, कसलीही प्रक्रिया न केलेला बांबू एक ते तीन वर्षांत बुडाशी कुजतो किंवा वाळवीच्या तोंडी जातो, आणि नेमका झाड फळांनी लगडलेलं असताना मोडतो. पाच-सहा फूट वाढणाऱ्या टोमॅटोला एका मोसमाचा नव्हे, दहा-दहा मोसमांचा आधार हवा असेल तर लोखंडासारखं स्वस्त आणि हाताशी असणारं दुसरं काही नाही. म्हणून हा गैरसमज मुळापासून तपासायला हवा.

सळई तापते का? तापते. प्रश्न किती तापते हा आहे. बांधकामावरची ८ मिलिमीटरची सळई घ्या. ऊन तिच्यावर काटकोनात पडलं, तरी ते पडतं तिच्या रुंदीएवढ्या, म्हणजे ८ मिलिमीटरच्या पट्ट्यावर. उष्णता बाहेर टाकायला मात्र तिच्याकडे सगळा घेर असतो, साधारण २५ मिलिमीटरचा. म्हणजे उष्णता घ्यायला जेवढी जागा, त्याच्या तिप्पट जागा ती सोडायला. शिवाय बारीक वस्तूभोवती चिकटून राहणारा हवेचा थर पातळ असतो, त्यामुळे वाहती हवा तिची उष्णता झपाट्याने घेऊन जाते. भर उन्हात चौरस मीटरला ९०० वॅट ऊन पडतंय आणि गंजलेली सळई त्यातलं तीन चतुर्थांश शोषून घेते असं धरलं, तर हलक्या झुळकीत तिचं तापमान हवेपेक्षा पाच-सहा अंशांनी जास्त भरतं. वारा अगदीच पडला तर दहा-बारा अंशांनी. तार याहून बारीक, म्हणून ती याहूनही कमी तापते. तवा, गाडीचं छत, पत्र्याची शेड यांचा अनुभव आपण सळईला लावतो, पण पत्र्याला हवेशी बोलायला एवढी जागाच नसते. लोखंड तेच असलं तरी आकार बदलला की सगळा हिशोब बदलतो.

आणि उभ्या सळईला तर भर दुपारचं ऊन लागतंच फार थोडं. महाराष्ट्र सगळाच कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मुंबई-पुण्याकडे मे महिन्याच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, वर्तमानपत्रांत त्याच्या तारखा छापून येतात, शाळेतली मुलं अंगणात काठी रोवून साडेबाराच्या सुमाराला तिची सावली नाहीशी होताना पाहतात. सावली म्हणजे अडवलेलं ऊन. ज्या काठीची सावली पडत नाही, ती वरच्या टोकाएवढं सोडलं तर ऊन अडवतच नाही. म्हणजे उन्हाचा मारा सगळ्यात जास्त असतो, नेमकी त्याच वेळी सरळ उभी सळई त्या माऱ्याच्या रेषेत उभी असते आणि तिच्या अंगावर ऊन जवळजवळ पडत नाही. तीन वाजता ऊन तिरपं होऊन तिच्यावर पडतं हे खरं, पण वर केलेला पाच-सहा अंशांचा हिशोब ऊन काटकोनात पडतंय असं धरून केलेला आहे. प्रत्यक्षातलं तिरपं ऊन त्याहून कमीच भरतं.

यावर हमखास येणारा आक्षेप हाताचा असतो. दुपारी सळईला हात लावला तर चटका बसतो, बांबूला लावला तर बसत नाही, मग झाडाला बसणार नाही का? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं. आपल्या कातडीला कळतं ते वस्तूचं तापमान नव्हे, वस्तूतून कातडीत येणारी उष्णता किती वेगाने येते ते. पोलाद उष्णता वाहून नेतं ते लाकडाच्या किंवा बांबूच्या दोनशे पटींहून अधिक सहजतेने. म्हणून एकाच तापमानाच्या दोन काठ्यांपैकी लोखंडाची काठी हाताला कितीतरी जास्त गरम लागते, आणि थंडीत पहाटे तीच जास्त गार लागते. हात आणि हवा यांच्यातला फरक सळई क्षणात दाखवून देते, एवढंच. झाडाचं तसं नसतं. ते सकाळपासून त्या सळईजवळ, त्याच हवेत, त्याच उन्हात उभं आहे. त्याच्या खोडातून पाणी वर चढतंय, पानांतून बाष्प बाहेर पडतंय, आणि सळई त्याला टेकलेली आहे ती एखाद्या बारीक रेषेवर.

हिशोबावर विश्वास नसेल तर शेताकडे पाहावं. नाशिकला आणि सांगलीकडे तासगावला द्राक्षाचे मांडव लोखंडी अँगल आणि जी.आय. तारांवर उभे आहेत. तिथे खरड छाटणी होते एप्रिलमध्ये. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हात, एप्रिल-मेमध्ये, अगदी कोवळ्या हिरव्या फुटी निघतात आणि त्या तारेवरच बांधल्या जातात. नारायणगावच्या आणि पिंपळगावच्या पट्ट्यात टोमॅटोची बांधणी तार-काठीवर होते. तार झाडं करपवत असती तर ज्याचं वर्षाचं उत्पन्न त्या तारेवर लटकलेलं आहे, त्या शेतकऱ्याला ते पहिल्याच मोसमात कळलं असतं. द्राक्ष कणखर वेल आहे, त्याचं उदाहरण भाजीला लागू नाही, असं कोणी म्हणेल, तर कारल्याचा तणावा जवळून पाहावा. झाडाच्या अंगावर याहून नाजूक काही नसतं. दोऱ्याएवढा तो तणावा उन्हाळी पिकात भर उन्हात तारेला स्पर्श करतो, स्वतःहून वळतो, चार-पाच वेढे घालतो आणि मग मधल्या भागात स्प्रिंगसारखा आवळून वेल तारेकडे ओढून घेतो. करपवणाऱ्या वस्तूला कोणी असं कवटाळत नाही. जाड पाइपाला मात्र तणावा धरत नाही, आणि त्यावरूनच 'लोखंडाला वेल चढत नाही' हा समज निघाला असावा. कारण चटक्याचं नाही, जाडीचं आहे. तणाव्याला वेढा घालायला बारीक वस्तू लागते. पाइपाला सुतळीचं जाळं बांधलं की वेल निमूट चढते.

मग सळईला बांधलेल्या खोडावर काळा व्रण दिसतो, तो कशाचा? इथेच खरी चूक लपलेली आहे, आणि सळईवर आळ घेतल्यामुळे ती वर्षानुवर्षं लपून राहते. खोड नीट पाहा. सळईच्या उष्णतेने इजा झाली असती तर सळई खोडाला जिथवर टेकते तिथवर उभा पट्टा उमटला असता. प्रत्यक्षात व्रण असतो तो बोटभर, नेमका गाठीच्या जागी. साल खरवडलेली, कडा तपकिरी, आणि गाठीच्या वर खोड किंचित फुगलेलं. ही फूग म्हणजे पुरावाच आहे. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे जातं, बायंडिंग तारेने साल आवळली की ते अन्न वरच अडतं आणि तिथे खोड सुजतं. त्यातच वारा आला की झाड त्या तारेवर घासत राहतं. असाच व्रण डिसेंबरात बांधलेल्या झाडावरही सापडतो, आणि डिसेंबरात ऊन करपवतं असं कोणी म्हणत नाही. झाडाला इजा करतो तो आधार नव्हे, बांधण्याची पद्धत. बायंडिंग तार सळयांच्या जोडासाठी ठेवावी, खोडाला कधीही लावू नये. खोडाला जुन्या सुती कापडाची चिंधी किंवा जाड सुतळी लावावी, तिला मध्ये पीळ देऊन आठच्या आकड्यासारखी बांधावी आणि आत बोट सहज जाईल एवढी सैल ठेवावी.

मेमध्ये टोमॅटोची फुलं गळतात, तो दोषही सळईच्या माथी मारला जातो. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर गेलं आणि रात्रही गार झाली नाही की टोमॅटोत परागकण नीट तयार होत नाहीत आणि फूल गळतं. हे बांबूला बांधलेल्या झाडातही होतं आणि कशालाच न बांधलेल्या झाडातही होतं. रोप बुडाशी करपतं त्याचं कारणही बहुधा खालीच असतं. उघड्या कोरड्या मातीचा वरचा थर मे महिन्यात ६० अंशांच्या पुढे जातो. काळ्या कुंडीत उन्हाच्या बाजूची माती ५० अंशांजवळ गेल्याच्या नोंदी रोपवाटिकांवरच्या संशोधनात आहेत, आणि मुळांना एवढं तापमान सोसत नाही. सळई काढून टाकायची आणि काळी कुंडी उघड्या स्लॅबवर तशीच ठेवायची, यात झाडाचा काहीच फायदा होत नाही.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. विदर्भात ४५ अंशांच्या उन्हात, वारा अडलेल्या बाल्कनीत, काळा रंग दिलेला जाड पाइप कोवळ्या खोडाला चिकटून उभा असेल, तर तिथे काळजी घ्यावी. जाड पाइप सळईपेक्षा जास्त तापतो, आणि आधीच तापलेल्या हवेत ते थोडे जास्तीचे अंशही जड जातात. पाइपाला पांढरा रंग द्यावा आणि तो खोडापासून चार बोटं दूर रोवावा. यापेक्षा जास्त काही करावं लागत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. गंज विषारी नाही. तो लोहाचा ऑक्साइड आहे, कोकणातली जांभ्याची माती त्यानेच लाल झालेली आहे, आणि तिथे झाडं उत्तम वाढतात. उलटही खरं नाही: पिवळ्या पडलेल्या झाडाच्या कुंडीत गंजका खिळा पुरून लोह मिळत नाही, कारण चुनखडीच्या माती-पाण्यात ते विरघळतच नाही; तिथे चिलेटेड लोह द्यावं लागतं. धनुर्वात गंजामुळे होत नाही, मातीतल्या जिवाणूमुळे होतो, म्हणून जखम सळईची असो की गुलाबाच्या काट्याची, इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारावं. भरीव सळई पोकळ पाइपापेक्षा ताठ असते हाही भ्रमच: २१ मिलिमीटर व्यासाचा, २ मिलिमीटर जाडीचा पाइप १० मिलिमीटरच्या भरीव सळईच्या साधारण दीडपट वजनाचा असतो, पण वाकायला दहापटीहून जास्त जोर लागतो. आणि झाड जितकं करकचून बांधाल तितकं ते मजबूत होतं, हे तर साफ उलटं आहे. मार्क जॅफी यांनी १९७३ मध्ये 'प्लांटा' या नियतकालिकात दाखवून दिलं, की स्पर्श आणि हालचाल झेलणाऱ्या रोपांची उंची आटोक्यात राहते आणि खोड जाड होतं. वाऱ्यात थोडं डोलणं ही झाडाची गरज आहे.

एका धोक्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि तो झाडाला नव्हे, माणसाला आहे. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा जाळी वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला तर काही तासांत थंडी वाजून ताप येतो. घरी वेल्डिंगच्या फंदात पडू नये, आणि पडायची गरजही नाही. हार्डवेअरच्या दुकानात कॉलमसाठी वाकवलेल्या तयार रिंगा मिळतात. ८ मिलिमीटरच्या तीन-चार सळया घ्याव्यात. सळईचं दर मीटरचं वजन किलोत काढायला मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे बांधकामावरचं सूत्र आहे, त्याप्रमाणे सहा फुटांची एक सळई पाऊण किलोच्या आत बसते. त्यांना फूट-दीड फुटावर रिंगा बायंडिंग तारेने बांधल्या की कॉलमच्या पिंजऱ्यासारखा टोमॅटोचा पिंजरा उभा राहतो. रोप लहान असतानाच तो बसवावा, म्हणजे नंतर मुळं दुखावत नाहीत. वेल्डमेशचा पिंजरा करायचा असेल तर सहा इंची घरांची जाळी पाच फूट कापून गोल करावी, म्हणजे हात आत घालून टोमॅटो तोडता येतो. सळयांची वरची टोकं मात्र उघडी ठेवू नका. झाडाजवळ काम करताना ती डोळ्याला लागू शकतात. त्यांवर जुना चेंडू किंवा प्लास्टिकची बाटली खोचा.

आणि मे महिन्यात चटका तपासायचाच असेल तर दुपारी चार वाजता सळईऐवजी काळ्या कुंडीच्या पश्चिमेकडच्या अंगाला हात लावून पाहा, आणि कुंडी सावलीत सरकवा.