साडेआठची नोंद

सकाळी साडेआठला ती बाटलीपुढे गुडघे टेकायची. डोळा पाण्याच्या रेषेच्या पातळीत आणायची, आकडा दोनदा वाचायची आणि मगच वही उघडायची. नववीतली ही मुलगी शाळेच्या कुंपणाला लागूनच राहते. जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत तिचा हा नेम चालला, रविवारीसुद्धा. मी तिची विज्ञानाची बाई. प्रकल्प चांगला कसा करायचा, असं पालक विचारतात तेव्हा मी आता त्यांच्या हातात तिची वही देते.

आधी तिने आणलेला विषय होता ‘पाणीटंचाई : कारणे व उपाय’. असे विषय स्टेशनरीच्या दुकानात चित्रांसकट तयार मिळतात. मी नाही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, “यातलं तुला स्वतःला काय मोजता येईल?” तीन दिवस ती काही बोलली नाही. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत आली. “बाई, आपल्या शाळेच्या पत्र्यावरचं पाणी सगळं ओढ्याला जातं. पण जातं किती?” शाळेत कुणालाच ते सांगता आलं नाही. हाच तिचा प्रकल्प झाला.

मला वाटतं, निम्मी मेहनत या प्रश्नापर्यंत पोचण्यातच असते, आणि नेमकी तीच आपण मोठी माणसं मुलांच्या हातून काढून घेतो. मी शाळेत असताना माझा प्रकल्प काकांनी करून दिला होता. परीक्षकांच्या पहिल्याच प्रश्नाला मी मान खाली घातली. तरीही बक्षीस मिळालं. ते बक्षीस मी घरात कधी मांडून ठेवलं नाही.

मग वेळापत्रक. ऑगस्टअखेर मोजणी संपवायची, असं तिने लिहून आणलं. ते वाचून दाखवलं तेव्हा तिची आजी म्हणाली, “आपला पाऊस उत्तराचा नि हस्ताचा. ऑगस्टात काय मोजशील?” आजीचं बरोबर होतं. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमचा माण तालुका पर्जन्यछायेत, इथे जेमतेम 500च्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. तिने वेळापत्रक खोडलं आणि मोजणी हस्त नक्षत्र संपेपर्यंत, म्हणजे साधारण 10 ऑक्टोबरपर्यंत नेली. लिखाणाला दिवाळीची सुट्टी राखून ठेवली.

पर्जन्यमापक घरीच केला. सरळ बाजूंच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. बाटलीचा तळ खोलगट-उंचवट्याचा असतो, म्हणून त्यात खडे घालून वर थोडं पाणी ओतायचं आणि त्या पातळीला शून्याची खूण करायची. तिथून वर मिलिमीटरची पट्टी. पहिल्यांदा बाटली कडुलिंबाखाली ठेवली होती. पाऊस थांबला तरी पानं ठिबकत राहायची. मग उघड्यावर नेली, तर जुलैच्या वाऱ्याने ती आडवी केली. शेवटी ती मातीच्या कुंडीत रोवली गेली. ही सगळी फजिती तिने तारखांसह लिहून ठेवली आहे. साडेआठची वेळही उगाच नाही. हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंतचा धरतं.

बेंदराला ती आजोळी गेली आणि दोन नोंदी राहिल्या. परत आली ती रडवेली होऊन. “बाई, अंदाजे भरू का? कुणाला कळणार आहे?” मी म्हटलं, बाटलीत आहे तेवढं मोज आणि जसं आहे तसं लिही. त्या पानावर दोन रिकाम्या चौकटी आहेत आणि तिसऱ्या चौकटीत आकड्याशेजारी लिहिलंय, ‘3 दिवसांचा मिळून. थोडं पाणी वाळलं असेल.’ सगळ्या वहीत मला ही ओळ सगळ्यात मोलाची वाटते.

हिशोब सातवी-आठवीच्या गणिताचाच. 1 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. आमचं छप्पर 20 मीटर लांब, 6 मीटर रुंद. तिने ही मापं उतरत्या पत्र्यावरून न घेता खाली जमिनीवर टेप धरून घेतली, आणि तेच बरोबर, कारण छपराने जमीन जेवढी झाकली तेवढाच पाऊस त्यावर पडतो. म्हणजे 120 चौरस मीटर. 10 मिलिमीटरची एक सर आली तर 1200 लिटर. उडून, सांडून पाचवा भाग वजा धरला तरी 960. आईचा हंडा 15 लिटरचा, म्हणून तिने पुढे लिहिलं : 64 हंडे.

असं काम पुढे मांडायला जागाही आहेत. 1993 पासून भरणारी राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद 10 ते 17 वयाच्या मुलांसाठी आहे. सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, तिच्या पुढच्या टप्प्यात कृतिसंशोधन प्रकल्प करावा लागतो. तिने यंदा कुठेच नाव दिलं नाही. मीही आग्रह धरला नाही.

दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी वही वाचली आणि पत्र्यावरचं पाणी टाकीत नेणारी पन्हळ बसवायला किती खर्च येईल, असं तिलाच विचारलं. ती प्लंबरकडे जाऊन आली ती नवाच प्रश्न घेऊन. पहिल्या सरीबरोबर पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण वाहून येते. ते पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही, तर किती पाणी सोडून द्यायचं? जूनसाठी तिने आत्ताच माझ्याकडून काचेच्या सहा बाटल्या मागून ठेवल्या आहेत.